देवाचा हप्ता?

"दशमांश म्हणजे देवाचा हप्ता, कोरडवाहू शेतकऱ्यानं तो कुठून भरायचा?" हा तुमचा प्रश्न माझाही होता, दादा. दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला द्यायचा. आमच्या यवतमाळकडे कापसाचा चुकारा हातात येईस्तोवर निम्मा कृषी केंद्रवाल्याचा झालेला असतो. मग दहा टक्के कशावर काढायचे, विक्रीवर की उरलेल्यावर? (उरतं कुठे, तो वेगळा विषय.)

पण बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं दुसरं पत्र काढा, अध्याय ८ आणि ९. तिथे दशमांशाचं नावच नाही. यरुशलेमेतल्या गरजूंसाठी वर्गणी चालली होती, आणि मासेदोनियातल्या मंडळ्यांनी (तिथल्या चर्चच्या लोकांनी) स्वतः कंगाल असून दिलं. ज्यानं त्यानं मनात ठरवावं तेवढं द्यावं, भाग पडतं म्हणून नाही. हे कळलं तेव्हा मानेवरचं जू उतरलं.

मागच्या कापणीच्या सणाला शेजारच्या आजीनं चर्चमध्ये अर्पण म्हणून पदरात बांधून पायलीभर तूर आणली. अर्पणाच्या लिलावात मीच घेतली, बाजारभावाच्या तिप्पट बोलून. आजी हसत सुटली, "इतल्या पैशाची नोती रे पोरा ते!" घरी घुगऱ्यांसाठी निवडायला बसलो तर चार भुंगे निघाले. तरी दोन वाट्या खाल्ल्या.