हातात मेणबत्ती आणि दोन्ही गाल सारखेच उजळ! सॉफ्ट लाइटचं अती होतंय का?

कटर_पाहिजे:
काल आईसोबत मालिका बघत बसलो होतो. रात्रीचा सीन, लाइट गेलेत, सासूबाई मेणबत्ती घेऊन जिना उतरतायत, आणि त्यांचे दोन्ही गाल उजळ, मागची भिंत उजळ, जिन्याखालचा कोपरापण उजळ. आईच म्हणाली, "लाइट गेलेत ना यांचे?" मालिका सोडा हो, आता शॉर्ट फिल्मवाले पण तेच करतात, एक एलईडी, त्यावर सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पांढऱ्या कापडाची पेटी, झालं लायटिंग. सावली पडली म्हणजे काहीतरी चुकलं असं धरूनच चालतात पोरं. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी 'कागज के फूल'मध्ये (१९५९) आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत आणलं, तो झोत लोक अजून विसरले नाहीत. मध्ये उजेड मऊ करायला बटर पेपर धरला असता तर काय उरलं असतं त्यात?

उत्तरेची_खिडकी:
अहो, तुम्ही सॉफ्ट आणि फ्लॅट एकाच पोत्यात भरताय. फ्लॅट म्हणजे सगळीकडे सारखाच उजेड, सावलीच नाही. सॉफ्ट म्हणजे सावलीची कड हळूहळू विरते, बास. सावली ठेवायची की नाही हा वेगळा प्रश्न आहे. खिडकीशी बसून तांदूळ निवडणारी आजी आठवा, एक गाल उजळ, दुसरा अंधारात, आणि मधली रेघ कुठे शोधून सापडत नाही.

आणि तुम्ही मूर्ती काढलेत तर मी सत्यजित रायांचे कॅमेरामन सुब्रत मित्रा काढतो. 'अपराजितो' (१९५६), बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलेलं. तसल्या घरात थेट ऊन कमीच, वरून आभाळाचा उजेड झिरपतो. मित्रांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे त्या कापडावर मारले आणि परत आलेल्या उजेडात शूट केलं. बघताना सेट आहे असं मनातही येत नाही. कडक झोत मारले असते तर खांबाखांबाला तीन तीन सावल्या पडल्या असत्या.

थर्माकोलवाला:
मी लाइटमध्येच काम करतो म्हणून बोलतो. सोर्स, म्हणजे जिथून उजेड येतो ते, जेवढा मोठा आणि जेवढा जवळ तेवढा सॉफ्ट. सूर्य केवढा मोठा, पण इतका लांब की आपल्याला टिकलीएवढा दिसतो, म्हणून उन्हात सावली कडक पडते, ढग आले की अख्खं आभाळच सोर्स होतं. पोरं हातभर सॉफ्टबॉक्स आणतात आणि १५ फुटांवर उभा करतात, कसला सॉफ्ट राव तो. जवळ आणा म्हटलं की फ्रेममध्ये येतो म्हणून ओरडतात. आणि ४ फुटांवरचा ८ फुटांवर नेला की उजेड साधारण पावच उरतो, मग अजून मोठा लाइट, अजून मोठा जनरेटर. स्वस्तातलं काम आहे हे कुणी सांगितलं तुम्हाला?

कटर_पाहिजे:
@उत्तरेची_खिडकी थिअरी मान्य. पण आमची लोकेशनं बघा ना. गेल्या वर्षी चाळीतल्या १० बाय १२ च्या खोलीत शूट केलं, भिंतींना पिस्ता कलरचा ऑइल पेंट. सॉफ्ट लाइट लावला की तो चेहऱ्यावर कमी आणि भिंतींवर जास्त, भिंतीवरून परत हिरोच्या अंधारातल्या गालावर, तोही हिरवट होऊन!! कडक लाइट असता तर एक कटर, म्हणजे उजेड अडवणारी काळी पाटी, लावून भिंत अंधारात टाकता आली असती, सॉफ्टला कटर लावा नाहीतर दार लावा, तो सगळीकडे पोचतोच. म्हणजे फ्लॅट करायचं नसलं तरी फ्लॅटच होतं.

मेकअपचा_डबा:
दोघांचंही चालू द्या, पण चेहरा कुणाचा आहे ते कुणी बघतंय का? सावळ्या चेहऱ्यावर मोठा सॉफ्ट सोर्स जरा बाजूने आला की गालाच्या हाडावर अशी लांब मऊ चमक येते, फार सुंदर दिसतं. पण सेटवर सांगतात काय, "मॅडम थोड्या उजळ करा." मग समोरून पांढरा लाइट, वर एक्स्पोजर चढवलेलं, आणि बाई पिठात बुडवल्यासारखी. त्यात सॉफ्ट लाइटचा काय दोष?

उत्तरेची_खिडकी:
पिठात बुडवल्यासारखी 😂

@कटर_पाहिजे चाळीत आम्हीपण केलंय. लाइट आत आणलाच नाही. बाहेर गॅलरीत ठेवला आणि खिडकीला मित्राच्या आजोबांचं धोतर दुपदरी ताणून बांधलं. हॅलोजनपासून हात-दीड हात लांब ठेवा पण, आमचं पहिलं धोतर तपकिरी पडलं आणि आजोबांना अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर काळं कापड टांगलं, फ्रेमच्या जरा बाहेर. काळं कापड उजेड गिळतं, तो गाल आपोआप अंधारात जातो.

कटर_पाहिजे:
काळं कापड आमच्या डोक्यातच आलं नाही, हे खरंय. ते करून बघतो. मेणबत्तीबद्दल मात्र मी हटणार नाही, तिथे सॉफ्ट पण नको आणि कडक पण नको, अंधार पाहिजे. रविवारी परत त्याच खोलीत शूट आहे. बहिणीच्या ड्रेसचं काळं सॅटिन पडलंय घरी, चालेल का?

थर्माकोलवाला:
सॅटिन नको, चमकतं. मांडववाल्याकडे जाडा काळा पडदा मिळतो, तो आणा.