आईचं क्रिएटिनिन 0.5

सुनीलदादा: आईचे रिपोर्ट आले. सगळं नॉर्मल! क्रिएटिनिन फक्त 0.5. 78व्या वर्षी किडन्या एकदम ठणठणीत. उद्या डॉक्टरांना दाखवून येतो.

आत्या: वा! जीव भांड्यात पडला.

मेघना: दादा, मला तो 0.5 खटकतोय. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंमध्ये, किडनी ते बाहेर टाकते. स्नायूच आटले तर ते तयारच कमी होतं. म्हणजे आकडा किडनीमुळे खाली आहे की मांड्या-दंड सुकल्यामुळे, ते नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. रोज लॅबमध्ये बघते, रिपोर्टवर 'कमी' दिसलं की लोक खूश होऊन जातात. फार वाईट वाटतं.

आत्या: मग स्नायूंची वेगळी रक्ततपासणी असेल ना? तीही करून टाका.

मेघना: आत्या, नेमकी अशी एकच तपासणी अजून नाही गं. जवळची म्हणजे सिस्टॅटिन सी. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी बनवतात, त्यामुळे स्नायू कमी झाले तरी ते फारसं घटत नाही. क्रिएटिनिनला त्याने भागायचं, उत्तर कमी आलं तर स्नायू झिजल्याचा संशय घ्यायचा. पण थायरॉइड, स्टिरॉइड, अंगातली सूज यांनीही सिस्टॅटिन बदलतं. सीआरपी, अल्ब्युमिन या रक्ततपासण्यांवरून आजारपणाचा अंदाज येतो, स्नायू किती उरलेत ते नाही. आणि सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम रक्तात स्नायूला इजा झाली की वाढतं, हळूहळू झिजताना नॉर्मलच राहू शकतं.

वैशालीवहिनी: मेघना, आई हल्ली खुर्चीतून उठताना आधी कडेला सरकतात, दोन्ही हात टेकतात, मग झोका घेऊन उठतात. बाटलीचं झाकण माझ्याकडे देतात. घड्याळाच्या पट्ट्याला मागच्या महिन्यात अजून एक भोक पाडलं.

मेघना: वहिनी, हे रिपोर्टपेक्षा महत्त्वाचं आहे! सार्कोपेनियात, म्हणजे वयानुसार स्नायू आणि ताकद घटण्यात, आधी ताकदच बघतात. आशियाई तज्ज्ञांच्या 2019च्या निकषांत हाताची पकड बायकांची 18 किलोच्या खाली, पुरुषांची 28च्या खाली गेली तर कमी धरतात. हात छातीशी घेऊन पाच वेळा उठ-बस करायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तरी पुढे तपासतात. हे घरी करून बघा, पण खुर्ची भिंतीला टेकवा आणि शेजारी उभ्या राहा.

सुनीलदादा: आत्ताच केलं. आई तिसऱ्यांदा उठताना थांबली. म्हणे गुडघे दुखत नाहीत, जोरच लागत नाही.

मेघना: उद्या हेच आधी सांग. आणि सिस्टॅटिन सी करायचं का, विचार. क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, अशा माणसात खोटा चांगला दिसतो, आणि काही औषधांचे डोस त्यावरच ठरतात. आईला तशा दोन गोळ्या चालू आहेत ना?

सुनीलदादा: हो. आणि प्रथिनं वाढवायची का?

मेघना: म्हातारपणी किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात, म्हणजे आईच्या 46 किलोला रोज साधारण 46 ते 55 ग्रॅम. पण आधी किडनीचा खरा अंदाज येऊ दे. सोबत जोर लावायचे व्यायाम हवेतच, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेऊ.

वैशालीवहिनी: उठतानाचा व्हिडिओ काढलाय मी. उद्या तोच आधी दाखवते, रिपोर्ट नंतर.