सल्ला हवा: घरच्या सुतारकामाच्या खोलीत भुशासाठी काय बसवावं? (दापोली)

पडवीतला_सुतार:
नमस्कार मंडळी. नोकरी सोडून दीड वर्षापूर्वी गावी आलो. मागच्या पडवीला भिंती घालून 10 बाय 16 फुटांची खोली केलीय. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आगराकडे एक खिडकी. 10 इंची टेबल सॉ, थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन), राउटर (कडा-खाचा कोरणारं) आणि हाताचा सँडर आहे. लाकूड घरचंच: जुन्या घराचे सागाचे वासे आणि 2020 च्या निसर्ग वादळात आडवा झालेला फणस.

गेल्या आठवड्यात त्याच फणसाच्या चार फळ्या थिकनेसरमधून काढल्या. खोली तर पिवळी झालीच, पण खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांवरही पिवळी साय धरली. घरातून काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. शिवाय रात्रभर खोकला.

बजेट 25 हजार. दोन पिशव्यांचा 2 एचपीचा डस्ट कलेक्टर (भुसा ओढून पिशवीत भरणारं मशीन) घ्यावा की ओला-सुका व्हॅक्यूम क्लिनर पुरेल?

रंधा_आणि_पटाशी:
व्हॅक्यूम पुरे. माझा सहा वर्षं चालतोय. सँडरला लावला की धूळ दिसत नाही.

भुसाटलेला:
सँडरला पुरतो, मान्य. थिकनेसरला लावून बघा, पाच मिनिटांत नळी तुंबेल. दोन्हींचं काम वेगळं आहे. व्हॅक्यूम जोरात ओढतो पण हवा थोडी, बारीक नळीच्या हत्याराला तेच हवं. थिकनेसर ढलप्यांचा ढीग ओकतो, त्याला वाहून न्यायला भरपूर हवा लागते.

आकडा सांगतो. ढलप्या पाइपात बसू नयेत म्हणून हवेचा वेग मिनिटाला साधारण 4,000 फूट लागतो. 4 इंची पाइपात त्या वेगाला सुमारे 350 घनफूट हवा जाते, अडीच इंचीत जेमतेम 135. म्हणून 4 इंचाच्या खाली उतरू नका. खोक्यावर छापलेला आकडा तोंड मोकळं ठेवून मोजलेला असतो; नळी, वळणं आणि मळकी पिशवी लागली की त्यातलं बरंच गळतं. वळ्यांची लवचिक नळी सगळ्यात जास्त खाते. ती मशीनपाशी हातभरच ठेवा, पुढे सरळ 110 मिमीचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप. काटकोनी एल्बोऐवजी दोन 45 अंशांचे जोडा.

पण मुख्य मुद्दा पिशवीचा. साधी कापडी पिशवी ढलप्या धरते आणि सर्वांत बारीक धूळ आरपार खोलीत परत सोडते. फुप्फुसात खोल जाते ती हीच, डोळ्यांना दिसत नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय, तेही नाकाच्या पोकळीच्या संदर्भात. त्यामुळे "खोकलाच आहे" म्हणून सोडू नका. चांगला बारीक फिल्टर घ्यायचा तर बजेटचा मोठा भाग तोच खाईल.

मी तो घेतलाच नाही. थंड देशांत तापवलेली हवा बाहेर घालवणं परवडत नाही म्हणून ते गाळून परत आत घेतात. आपल्याला कोकणात कसली खोली तापवायचीय? आधी सायक्लोन, मग ब्लोअर, आणि ब्लोअरचं तोंड सरळ भिंतीबाहेर. सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते, जड भुसा कडेने पिंपात पडतो, बारीक उरते ती आगरात जाते. तुमच्या खोलीत 1,600 घनफूट हवा असेल. 350 ने ओढली तरी साडेचार-पाच मिनिटांत पूर्ण बदलते. कौलांच्या फटींतून हवा आत येईल, तरी दार किलकिलं ठेवा. शेजारी चूल असेल तर मात्र धूर तुमच्याकडे ओढला जाईल, आधी तपासा.

मालवणी_करवत:
कित्याक व्हयो तो फिल्टर, वारो आसा ना! वरच्याला अनुमोदन. फक्त तोंड शेजाऱ्याच्या खळ्याकडे नको. आमसुलं फक्त तुमच्याकडेच वाळत नाहीत.

पडवीतला_सुतार:
हे सुचलंच नव्हतं. पण पावसात काय करायचं? जूनपासून आमच्याकडे आडवा पाऊस. आणि टेबल सॉ 2 एचपीची, ती आणि कलेक्टर दोन्ही एकदम चालतील का?

भुसाटलेला:
बाहेरच्या तोंडाला खाली वळलेला बेंड, आत झडप. ब्लोअर बंद झाला की झडप आपोआप पडली पाहिजे, नाहीतर खारी हवा आणि पाली दोन्ही आत. पिंप रोज संध्याकाळी रिकामं करा. पावसाळ्यात भरलं राहिलं की भुसा गोळे धरतो आणि बुरशी येते.

पिंप जाड निळ्या प्लॅस्टिकचं घ्या, पातळ असलं तर ओढीने आत चेपतं. झाकण हवाबंद हवं. माझ्याकडे रबराची पट्टी एका जागी सुटली होती, तिथून हवा शिरायची आणि पडलेला भुसा पुन्हा उचलून ब्लोअरमध्ये. कोयीएवढी फट, पण महिनाभर सायक्लोनलाच शिव्या घातल्या.

तारेवरची_कसरत:
विजेचं मी सांगतो, तोच माझा धंदा. 2 एचपीच्या दोन मोटरी भरात चालल्या तर चार किलोवॅटच्या आसपास ओढतील, आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या कितीतरी पट. वीजबिलावर मंजूर भार बघा. दोघांना वेगळी लाइन, वेगळे एमसीबी, अर्थिंग पक्कं. कलेक्टर आधी सुरू करा, पाच-सात सेकंदांनी करवत. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर थिकनेसर सकाळीच उरकून घ्या. मोटर पूर्ण बंद अंगाची, मागे पंखा असलेली घ्या. उघड्या मोटरीत धूळ आणि खारा वारा दोन्ही शिरतात.

रंधा_आणि_पटाशी:
मी व्हॅक्यूम म्हणालो ते सँडरपुरतंच धरा, बाकी मागे घेतो :) जुना असेल तर त्याच्याआधीही छोटा सायक्लोन लावा, फिल्टर झटकायचं काम फार कमी होतं. आणि मास्क एन95 तरी घ्या. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, मग त्याचा उपयोग निम्मा.

पडवीतला_सुतार:
दाढी आहे. बघतो.

ठरलं: ब्लोअर, सायक्लोन, निळं पिंप, बाहेर तोंड. सँडरला घरातला जुना व्हॅक्यूम. आता भिंतीला भोक कसं पाडायचं? चिरा ड्रिलने फुटला तर?

मालवणी_करवत:
भोक पाडूच नका. पागोळीखालचा एक अख्खा चिरा गवंड्याकडून काढून घ्या, त्या जागी पाइप, कडेने विटांचे तुकडे आणि सिमेंट. उद्या पाइप नको झाला तर चिरा परत बसतो. काढलेला चिरा टाकू नका, तसा जुना मिळत नाही.

आणि सागा-फणसाचा भुसा आमच्याकडे द्या, भुशाची शेगडी करतो. डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती ठोकून भरायचा, बाटली हळूच ओढून काढायची, खालच्या भोकातून पेटवायचं. पेज रटरटते. प्लायवूडचा मात्र नको, त्यातल्या गोंदाचा धूर बरा नाही.

पडवीतला_सुतार:
मंगळवारी गवंडी येतोय. पहिलं पिंप तुमचं.