घर रिकामं करताना आठवणी लिहून ठेवल्यात का कुणी?

डिलाईलरोडची_सून
नमस्कार मंडळी. आम्ही डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतले. आमच्या इमारतीचा रिडेव्हलपमेंटला नंबर लागलाय आणि खोली रिकामी करून द्यायचीये. 500 चौरस फुटांचं घर मिळणार याचा आनंद आहेच, 160 चौरस फुटांत सहा माणसं राहिलोय आम्ही, त्यामुळे नव्या घराचं मोल आम्हाला कुणी सांगायला नको. पण सध्या घरात पाय ठेवायला जागा नाही, सासूबाई माळ्यावरचं काही खाली काढू देत नाहीत, मिस्टरांची चिडचिड, मुलाची दहावी, आणि प्रत्येक गोष्टीवरून वाद, हे टाकायचं की ठेवायचं.

मी रात्री सगळे झोपले की ओट्यापाशी बसून वहीत लिहिते. सुरुवात सामानाच्या यादीनं केली होती. पितळेचा डबा असं लिहिलं आणि आठवलं की सासरे त्या डब्यात पगाराचं पाकीट ठेवायचे, 1982 च्या गिरणी संपात तो डबा रिकामा पडला तेव्हा सासूबाईंनी जेवणाचे डबे करून द्यायला घेतले, सकाळी चारला स्टोव्ह पेटायचा म्हणे, मग यादी राहिली बाजूला आणि तेच लिहीत बसले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

दोन गोष्टी विचारायच्यात. लिहून कधी कधी सकाळी जास्तच भरून येतं, असं तुम्हाला होतं का? आणि सासूबाईंच्या आठवणी त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायच्यात, पण विचारलं की म्हणतात "त्यात काय सांगायचंय". कशी सुरुवात करावी?

उजनीकाठ
ताई, जरूर लिहा, आणि आत्ताच लिहा. आमचं गाव उजनी धरणाच्या पाण्यात गेलं. कागद म्हणाल तर सातबारा आणि मोबदल्याची कागदपत्रं तेवढी आहेत, घराबद्दल कुणी एक ओळ लिहिलेली नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, लोकं पोराबाळांना घेऊन बघायला जातात, आम्हीपण जातो. पण देवळाला दगड आहे म्हणून ते दिसतं, आमचं घर मातीचं, त्याचं काय राहणार. काका एकीकडे बोट दाखवतात आणि आत्या म्हणते छे, तिकडं होतं.

म्हणून मी आत्यासोबत घराचा नकाशा काढायला बसलो. आधी तीपण असंच म्हणाली, काय सांगायचंय त्यात. मग मी मुद्दाम गोठा चुलीच्या भिंतीला लागून काढला. लगेच पेन्सिल घेतली हातातून! गोठा पलीकडं, मधे बोळ, बोळात सरपण, सरपणात एकदा नाग निघाला, तेव्हा तुझा बाप एवढासा होता... संध्याकाळपर्यंत बोलत होती. सांगा म्हटलं की माणूस गप्प होतो, चुकीचं काढलं की राहवत नाही. तुम्ही खोलीचा नकाशा काढा, कोण कुठं झोपायचं ते विचारा.

मनमोकळं
मी समुपदेशनाचं काम करते म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल लिहिते. जेम्स पेनबेकर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा 1986 साली छापलेला एक प्रयोग आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. कॉलेजच्या मुलांना ओळीनं चार दिवस रोज 15 मिनिटं मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या मुलं जास्त उदास वाटायची, पण ज्यांनी काय घडलं आणि त्याचं काय वाटलं हे दोन्ही लिहिलं त्यांच्या पुढच्या काही महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा भरून येणं यात वावगं काही नाही. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवायचं असं मनात आणू नका. फक्त एक लक्षात ठेवा, तोच तोच प्रसंग रोज लिहिला जातोय आणि जेवण-झोप उडालीये असं झालं तर वही थोडे दिवस मिटा आणि कुणाशी तरी समोरासमोर बोला. आणि ताई, सासूबाई माळा उतरवू देत नाहीत त्याचा राग धरू नका, त्यांचं आख्खं आयुष्य त्या माळ्यावर आहे.

गॅस_लावला
मला वेगळं सांगायचंय. घरातलं जे आधीच लिहिलेलं आहे ते रद्दीत देऊ नका! आमचं गिरगावातलं घर सोडलं तेव्हा खिळ्यावर एकावर एक लावलेली जुनी कालनिर्णय सापडली, आई दर वर्षी नवीन वरून टांगायची. तारखेच्या चौकटीत तिच्या अक्षरात "गॅस लावला", "दूध नाही", "भिशी दिली", "बाळूला ताप", "अण्णा आले". एका महिन्यात बरेच दिवस ओळीनं "दूध नाही" आहे आणि मग एकदम "घरी सोडलं". ते बाबांचं ऑपरेशन, तेव्हा घरात कुणी नव्हतंच. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, ती डायरी लिहिणारी बाई नव्हती, पण मला तिचं घर चालवणं त्या चौकटींत जेवढं दिसतं तेवढं अल्बममध्ये दिसत नाही, फोटोत सगळे नुसते उभे असतात. मी सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले, दोन भावांना पाठवले. तुमच्याकडे दुकानाची उधारीची वही, रेशनकार्ड, लग्नातली आहेराची वही असेल तर आधी ती वेगळ्या पिशवीत घाला, पॅकर्सच्या खोक्यात नको.

डिलाईलरोडची_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. उजनीकाठ दादा, तुमचं ऐकून काल नकाशा काढला, दिराची जागा मुद्दाम खिडकीखाली दाखवली. सासूबाई म्हणाल्या खिडकीखाली तो कसा असेल, तिथं तुझे सासरे दिवसा झोपायचे, रातपाळी असायची ना, आणि पोरं सगळी बाहेर पॅसेजमध्ये, दोन्ही बाजूंना दहा-दहा खोल्या, प्रत्येक दारासमोर अंथरुणं, रातपाळीवाला घरी आला की वाट काढत यायचा तरी एकही पोर जागं व्हायचं नाही. मग नळावरच्या नंबराचं सांगितलं, शेजारच्या काकू बाळंत झाल्या तेव्हा सगळ्या मजल्यानं आपापल्या नंबरातली एकेक बादली त्यांना दिली होती ते सांगितलं. मी लिहीत होते, मुलगा अभ्यास सोडून ऐकत होता, मीपण त्याला उठवलं नाही.

आहेराची वही मिळाली, माळ्यावरच होती, सासूबाईंनी स्वतः काढून दिली. त्यात स्टीलचा तांब्या, 11 रुपये, अशी नावासकट यादी आहे आणि त्यातली बरीच माणसं याच मजल्यावरची. आता रविवारी दुपारी एकेका नावाबद्दल विचारणारे. मिस्टर म्हणतात मग पॅकिंग कधी, तर खोकी शनिवारीच भरून ठेवू असं ठरलंय.