व्हिडिओवरून मानसोपचार : पुण्याचे डॉक्टर चालू ठेवावेत की नाशिकमध्ये नवे शोधावेत?

इंदिरानगरची ताई

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके येणारा, आजार आहे. पुण्यातील मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेत असल्यामुळे त्याची प्रकृती दीर्घकाळ स्थिर आहे. सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्याने तो आता आमच्याकडे राहतो. डॉक्टर पुढील भेटी व्हिडिओवरून घेण्यास तयार आहेत, मात्र वडिलांना हा प्रकार अर्धवट वाटतो. व्हिडिओ भेटीत लिहून दिलेली औषधांची चिठ्ठी येथील औषध दुकानदार स्वीकारतात का, आणि रक्ततपासण्यांची व्यवस्था कशी करावी, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सल्ला द्यावा.

गंगापूर रोडवरून

ताई, माझ्या यजमानांचे उपचार याच पद्धतीने सुरू आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. भावाचा आजार ज्या डॉक्टरांना चढउतारांसह ठाऊक आहे, त्यांना केवळ अंतरामुळे सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केंद्राने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून, त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर सही केलेल्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा डिजिटल प्रत रुग्णाला पाठवू शकतात. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि रुग्णाचे नाव व वय स्पष्ट असावे. एवढे असले की आमच्या नेहमीच्या दुकानदाराने कधी अडवले नाही. मात्र औषध नियमांतील परिशिष्ट एक्समधील, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधे, उदाहरणार्थ एडीएचडी या एकाग्रतेच्या विकारासाठीचे मिथाइलफेनिडेट, दूरभेटीवर लिहून देता येत नाहीत. शिवाय प्रत्यक्ष भेटीनंतर सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी घेतलेला सल्लाच या तत्त्वांनुसार पाठपुरावा ठरतो, त्यामुळे त्या मुदतीत पुण्याची एक फेरी ठेवावी.

लिथियमच्या बाबतीत खरी काळजी कॅमेऱ्याची नसून रक्ताची आहे. उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे असते. रक्ताचा नमुना शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी द्यावा लागतो. भाऊ रात्रपाळीला असेल, तर गोळीची वेळ आणि नमुन्याची वेळ दोन्ही डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण सकाळची गोळी घेऊन तडक प्रयोगशाळेत गेल्यास अहवालातील आकडा फसवा येतो. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठरावीक काळाने होतात. हे सर्व नाशिकमध्ये सहज होते; अहवाल भेटीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांकडे पोहोचला पाहिजे, एवढेच सांभाळावे.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांनी लक्षात ठेवावी. कंबर दुखते म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेतल्यास रक्तातील लिथियम वाढू शकते. जुलाब झाले किंवा कारखान्यातील उष्णतेत भरपूर घाम जाऊन पाणी कमी पडले, तरी तोच धोका असतो.

पंचवटीकर

वरील प्रतिसाद मोलाचा आहे, तरी वडिलांची शंका मला अगदीच निराधार वाटत नाही. पडद्यावर चेहरा दिसतो. चाल, हातांचा कंप किंवा वाढलेले वजन दिसेलच असे नाही. आमच्या मुलाच्या भेटीत डॉक्टर त्याला दोन्ही हात कॅमेऱ्यासमोर पसरायला आणि खोलीत चालून दाखवायला सांगतात. आपणही तशी विनंती करावी. बदलत्या पाळ्यांचा विषयही डॉक्टरांपुढे अवश्य काढावा, कारण झोप तुटणे हे या आजारात उन्मादाचे निमित्त ठरू शकते आणि कायम दिवसपाळी मिळावी यासाठी त्यांचे पत्र उपयोगी पडेल.

नाशिकमधील एखाद्या मानसोपचारतज्ज्ञांकडेही आताच एकदा प्रत्यक्ष जाऊन, जुनी कागदपत्रे दाखवून नोंद करून ठेवावी. रात्रीच्या रात्री झोप पूर्ण उडाली, बोलणे अनावर झाले किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा सुरू झाली, तर पुढील व्हिडिओ भेटीची वाट पाहणे घातक ठरेल. तेव्हा रुग्णालयच गाठावे लागते.

सुरगाण्याचा शिक्षक

ज्यांना खासगी शुल्क परवडत नाही त्यांच्यासाठी लिहितो. टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची शासनाची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते आणि गरजेनुसार पुढे तज्ज्ञांशी जोडून दिले जाते. आमच्याकडे घाटात व्हिडिओ वारंवार तुटतो, म्हणून साधा फोनच बरा पडतो.

इंदिरानगरची ताई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुण्याचे डॉक्टर कायम ठेवावेत आणि येथे एक नोंद करावी, हे वडिलांनाही पटले आहे. एक शंका उरते : आमचे घर दोन खोल्यांचे असून भावाला आमच्यासमोर बोलायला संकोच वाटतो, तर आम्ही भेटीत बसावे की नाही?

गंगापूर रोडवरून

ते त्याने ठरवावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क देतो आणि तो हक्क घरच्यांच्या बाबतीतही पाळायला हवा. यजमान सोसायटीच्या वाहनतळात गाडीत बसून, कानाला इअरफोन लावून बोलतात. शेवटची पाच मिनिटे मला बोलावतात, तेव्हा मी त्यांची झोप, खर्चाचा हात आणि चिडचिड यांविषयी जे पाहिले तेवढेच सांगते. भावाची संमती असेल, तर भेटीच्या आरंभीच डॉक्टरांना तशी कल्पना द्यावी.