सेमिनारला डीएफटीचा बँड गॅप दाखवू का? ०.७ आलाय राव!

कृष्णाकाठचा_गडी:
नमस्कार मंडळी. सांगलीत एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट झिंक ऑक्साईडच्या थिन फिल्मवर, स्प्रे पायरोलिसिस (तापलेल्या पृष्ठभागावर द्रावण फवारून फिल्म बनवणं), गॅस सेन्सिंग, म्हणजे आपल्याकडं निम्मी पोरं करतात तेच. मागं कोल्हापूरला विद्यापीठात कॉम्प्युटेशनल मटेरियल्सवर एक सेमिनार ऐकला, मला घंटा काय कळलं नाही पण सरांच्या डोक्यात बसलं की तू पण जरा कॅल्क्युलेशन जोड. मग लॅपटॉपवर क्वांटम एस्प्रेसो (डीएफटीचं, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या घनतेवरनं हिशोब करायच्या पद्धतीचं सॉफ्टवेअर) टाकलं, पीबीईनं (डीएफटीतलं एक अंदाजी सूत्र, फंक्शनल म्हणतात ते) चालवलं आणि बँड गॅप (भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन पातळ्यांतलं अंतर) आला ०.७ ईव्ही, तिकडं यूव्हीच्या टॉक प्लॉटवरनं (फिल्म किती प्रकाश शोषते त्याचा आलेख) ३.२५ येतोय. आता डिपार्टमेंटला सेमिनार आहे, एक्स्टर्नल बसणार. दाखवू का गुपचूप काढून टाकू?

हरिपूरचं_पेव:
काढतोस कशाला, तोच तर तुझा सेमिनार आहे! पीबीईनं झिंक ऑक्साईडला ०.७-०.८ च येतो, सगळ्यांना तेवढाच येतो. सिलिकॉनला पण १.१ च्या जागी ०.६ देतं ते. होहेनबर्ग आणि कोहननी १९६४ ला डीएफटीचा पाया म्हणून जे सिद्ध केलं ते ग्राउंड स्टेटचं (सगळ्यात कमी ऊर्जेच्या अवस्थेचं), आणि १९६५ च्या कोहन-शॅम समीकरणांतनं ज्या पातळ्या निघतात त्यांच्यातलं अंतर म्हणजे खरा गॅप नव्हेच. त्यात झिंकचं दुखणं वेगळं, त्याचे थ्री-डी (3d कक्षेतले) इलेक्ट्रॉन पीबीईत जरा जास्तच वर येऊन बसतात, ते ऑक्सिजनच्या टू-पी (2p) पातळ्यांना खालनं ढकलतात, मग व्हॅलन्स बँडचा (भरलेल्या पातळ्यांच्या पट्ट्याचा) माथा वर सरकतो आणि गॅप अजून आवळतो. एवढं फळ्यावर काढून दाखवलंस की एक्स्टर्नलला कळतं पोरानं नुसतं बटण दाबलेलं नाही.
एचएसई०६ (हायब्रिड फंक्शनल, त्यात हार्ट्री-फॉक एक्सचेंज थोडा मिसळतात) लावलं तर २.५ च्या आसपास येतो, त्याचं मिक्सिंग २५ टक्क्यांवरनं ३७.५ ला नेलं की ३.४ ला टेकतो, पण मग लोक विचारणार हा ३७.५ आणला कुठनं, आणि उत्तर एकच, गॅप जुळवायला. मला तरी ते पटत नाही.

अजिंक्यताऱ्याखाली:
वरच्याशी सहमत, पण भावा आधी खात्री कर की तुझा ०.७ हा पीबीईचाच ०.७ आहे. झिंक ऑक्साईडचा गॅप डायरेक्ट (पट्ट्यांचा माथा आणि तळ एकाच बिंदूला), गॅमा पॉइंटला, म्हणजे के-स्पेसच्या मध्याला. इनपुटमधल्या के-पॉइंटच्या (हिशोब ज्या बिंदूंवर होतो त्यांच्या जाळ्याच्या) ओळीत शेवटचे तीन आकडे १ १ १ असतील तर जाळं सरकतं, गॅमा त्यात येतच नाही आणि गॅप उगाच मोठा दिसतो. एनबीएनडी (किती पातळ्या काढायच्या तो आकडा) पण वाढव, नाहीतर आउटपुटला फक्त भरलेली वरची पातळी छापून येते, रिकामी दिसतच नाही. मग कटऑफ (इलेक्ट्रॉन मांडायला किती प्लेन वेव्ह घ्यायच्या त्याची मर्यादा) वाढवत वाढवत चालव आणि दरवेळी उद्गारचिन्हवाल्या ओळीतली एनर्जी लिहून घे, ती हलायची थांबली की बास. थ्री-डीमुळं झिंकला कटऑफ सिलिकॉनपेक्षा बराच जास्त लागतो. हा ग्राफ रंगीत बँड स्ट्रक्चरच्या आधी दाखव, ते रंगीत चित्र काय कुणीबी काढतं.
आणि टॉक प्लॉटला पण देव मानू नकोस, सरळ रेघ कुठनं ओढली त्यावर आकडा इकडंतिकडं होतो. शिवाय तुझी फिल्म म्हणजे बारीक दाणे, डिफेक्ट, खोलीचं तापमान, आणि कॅल्क्युलेशन चार अणूंच्या सेलचं, परफेक्ट अनंत क्रिस्टल.

कृष्णाकाठचा_गडी:
लई भारी, धन्यवाद दोघांना. सर म्हणतात पृष्ठभागावर गॅस चिकटवून पण दाखव, ८ जीबी रॅममधे होईल का?

हरिपूरचं_पेव:
नाद सोड. चार अणू आरामात, पण पृष्ठभागासाठी स्लॅब (क्रिस्टलचा पातळ काप) घेतला की अणूंची संख्या फुगते, वर मोकळी जागा ठेवायची, तिला पण प्लेन वेव्ह लागतात, आणि गॅस रेणू नुसता अलगद चिकटत असला तर व्हॅन डर वाल्सची (रेणूंमधल्या हलक्या आकर्षणाची) दुरुस्ती पण घालावी लागते. असली कामं पुण्यात आयसरच्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर करतात. सरांना सांग, फ्युचर स्कोपमधे टाकतो. आणि कोल्हापूरचा तो सेमिनार, तसल्या ठिकाणी पहिल्यांदा फंक्शनल कुठलं आणि किती अणू एवढंच टिपून घे, बाकीचं मग हळूहळू लागतं.

अजिंक्यताऱ्याखाली:
इनपुट फाईल इथं टाक आजच, के-पॉइंटची ओळ बघून सांगतो.