टँकर कमी करायचा तर सुरुवात फ्लशपासून

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. एप्रिल-मेची टँकरची बिलं नोटीस बोर्डावर लावली आहेत. सभेच्या आधी सगळ्यांनी नजरेखालून घाला. या दोन महिन्यांत पाणीपट्टीपेक्षा टँकरला जास्त पैसे गेलेत. उपाय सुचवा, ही विनंती.

बी-२०३: घोडबंदर रोडला राहायचं म्हणजे टँकर आलाच. वरूनच पाणी कमी सुटतं, त्याला आपण काय करणार?

ए-५०४: काका, वरून किती सुटावं ते आपल्या हातात नाही, पण घरात किती वाहून जातं ते आहे. जरा लांब लिहिते, पण सगळ्यांनी वाचा.

बिल्डिंग झाली तेव्हापासूनच्या आपल्या कमोडच्या टाक्या १० लिटरच्या आहेत. बटण दाबलं की अख्खी टाकी रिकामी होते, मग नुसतं लघवीला गेलं असलं तरी. चार माणसांचं घर आणि माणशी पाच वेळा फ्लश धरा. झाले २० फ्लश, २०० लिटर. आता दुकानात सर्रास मिळतो तो ड्युअल फ्लशचा कमोड घ्या, मोठं बटण ६ लिटर, छोटं ३ लिटर. माणशी एकदा मोठं आणि चारदा छोटं म्हणजे १८ लिटर, चौघांचे ७२. एका घरात रोज १२८ लिटर वाचले. आपली घरं ८०. गुणाकार १०,००० लिटरच्या वर जातो, म्हणजे आपल्या गेटवर येतो तो एक अख्खा टँकर, रोजचा.

सगळी घरं बदलणार नाहीत, हे धरूनच चालू. निम्म्यांनी बदललं तरी एक दिवसाआड एक टँकर कमी होतो.

सी-१०१: हिशोब पटला. पण आपल्या फ्लशच्या लाइनला बोअरचं पाणी आहे ना? मग बिलात काय फरक पडणार?

ए-५०४: हाच खरा प्रश्न आहे. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत फरक फार दिसणार नाही, पंपाची वीज थोडी वाचेल तेवढीच. पण मार्चनंतर बोअर आटतं आणि वॉचमन टँकरचंच पाणी फ्लशच्या टाकीत सोडतो. विकत घेतलेलं पाणी आपण १०-१० लिटरने ड्रेनेजमध्ये घालवतो, तेही नेमकं सगळ्यात महाग महिन्यांत. म्हणून मी पाणीपट्टीचं नाही, टँकरचं बिल समोर ठेवून बोलतेय. शहरात माणशी १३५ लिटर पाणी लागतं असं आपल्याकडच्या मानकात धरतात, त्यातले ४५ लिटर फ्लशचे. एक तृतीयांश! भांडी घासताना नळ बंद करा, एवढंच सांगत बसलो तर हा भाग तसाच राहतो.

बी-६०२: ताई, माझ्या नणंदेकडे बसवलाय तसला. दोनदा दाबल्याशिवाय साफ होत नाही. मग कसली बचत?

ए-५०४: वहिनी, त्यांनी भांडं जुनंच ठेवून फक्त टाकी बदलली का, विचारून बघा. जुन्या भांड्याचा आकार १० लिटरच्या धक्क्यासाठी केलेला असतो, त्यात ६ लिटर सोडलं तर मागे राहणारच. अमेरिकेत हेच झालं होतं. १९९२ च्या कायद्याने १९९४ पासून घरांसाठी नवीन कमोड साधारण ६ लिटरचेच करायला लावले. कंपन्यांनी सुरुवातीला जुन्याच घडणीच्या भांड्यात कमी पाणी सोडलं, लोक दोनदोनदा फ्लश करून वैतागले. पुढे भांड्याची आतली वाट आणि उतार बदलला तेव्हा कुठे ते नीट चालायला लागलं. दोन बटणांचा प्रकार ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमाराला निघाला, आणि तिथे तो रुळलाही, कारण भांडं आणि टाकी जोडीने बनवलं गेलं. तेव्हा घ्यायचं तर सेट घ्या.

ए-३०१: मी याच कामात आहे म्हणून सांगतो. दुकानात जायच्या आधी माप घ्या. आपल्याकडे पाइप जमिनीतून जातो, म्हणजे एस ट्रॅप. मागच्या टाइल्सपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढ्याच मापाचा कमोड मागा. माप चुकलं की प्लंबर मध्ये वाकडा तुकडा घालतो आणि तिथेच तुंबतं. माप जुळलं तर फरशी फोडावी लागत नाही. फोडली आणि खालचा कोबा दुखावला तर खालच्या घराच्या छताला ओल येते, आणि त्याची भांडणं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

सी-४०४: आमच्याकडे इंडियन आहे गं, बादलीनेच पाणी टाकतो. ते काढायला लावू नका, मला त्याचीच सवय आहे.

ए-५०४: काकू, अजिबात काढू नका. अर्ध्या बादलीत भागत असेल तर तुमचं पाणी आमच्यापेक्षा कमीच लागतं.

बी-२०३: आणि खर्च मी करायचा, फायदा ८० जणांना? उपविधीप्रमाणे पाण्याचा आकार नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर वाटला जातो. कोण किती वापरतो ते कुठे मोजतोय आपण?

ए-५०४: काका, मुद्दा बरोबर आहे. घरटी मीटर बसवायचं तर आपल्याकडे किचनची लाइन वेगळी, बाथरूमची वेगळी, फ्लशची वेगळी, एका घराला तीन-तीन मीटर लागतील. म्हणूनच हे एकेकट्याने करून उपयोगाचं नाही. माझं म्हणणं, सोसायटीने ८० घरांसाठी एकत्र दर मागवावा, मजुरीचा काही भाग टँकरच्या तरतुदीतून द्यावा, आणि भाड्याच्या घरांच्या मालकांना सेक्रेटरींनी स्वतः फोन करावा. भाडेकरू स्वतःच्या खिशातून कमोड बदलणार नाही.

पण कमोड नंतर. आधी गळती बघा, त्याला जवळपास काहीच खर्च नाही. टाकीचं झाकण काढा, त्यात जिलेबीत घालतात तो केशरी खायचा रंग चिमूटभर टाका आणि अर्धा तास कोणी फ्लश करू नका. मग टॉर्च लावून भांड्याच्या मागच्या बाजूला बघा. केशरी ओघळ उतरलेला दिसला तर आतला वॉशर गेलाय. आवाज येत नाही, म्हणून कळत नाही. मिनिटाला एक पेला, म्हणजे पाव लिटर जरी गळत असेल तरी दिवसाला ३६० लिटर होतात. वर चौघांच्या फ्लशचे २०० धरले होते, त्याहून जास्त. असं एखादं घर जुन्या कमोडपेक्षा जास्त नुकसान करतं.

सी-१०१: टाकीत वीट ठेवतात म्हणे?

ए-३०१: वीट नको, झिजून तिची माती वॉशरखाली बसते आणि गळती सुरू होते. एक लिटरची बाटली पाण्याने भरून, बूच घट्ट लावून ठेवा, बॉलकॉकला अडणार नाही अशी. साफ व्हायला कमी पडलं तर काढून टाका. नवीन घेईपर्यंतचा उपाय आहे हा.

बी-२०३: रंगाचं करून बघतो आज.

सेक्रेटरी: ठीक. रविवारी सकाळी १० पासून सोसायटीचा प्लंबर ए विंगपासून घरोघरी येईल, वॉशरचे पैसे सोसायटी देईल. ए-३०१, तुम्ही मापं घेताना त्याच्याबरोबर असाल का? कमोड बदलायला कोण तयार आहे त्यांनी खाली फक्त फ्लॅट नंबर आणि कमोड किती ते लिहा. तेवढ्यावर तीन ठिकाणचे दर मागवून सभेत ठेवतो.

ए-३०१: असेन.

ए-५०४: ए-५०४, दोन.

बी-६०२: बी-६०२, सध्या एक. नणंदेला विचारते भांड्याचं.

बी-२०३: ओघळ आला. मास्टर बेडरूमचा. रविवारी माझ्याकडे आधी पाठवा.